छापील अक्षराची जोपासना : प्रिंटर आणि फॉन्ट यांविषयी काही विचार



शाळेच्या दप्तरातील कागद हा केवळ कचेरीचा कागद नव्हे. शाळा सोडल्याचा दाखला, प्रगतिपुस्तक, घटकचाचणीची प्रश्नपत्रिका, शालेय पोषण आहाराचा तक्ता, यांपैकी प्रत्येकाशी कोणा ना कोणा बालकाचे हित निगडित असते. पनवेल तालुक्यातील कातकऱ्यांच्या वाडीवरून शाळेत येणाऱ्या मुलाच्या घरी पुष्कळदा दाखल्याखेरीज दुसरा लेखी पुरावा नसतो. पुढे जातीचे प्रमाणपत्र, शिष्यवृत्ती, वसतिगृह अशी प्रत्येक पायरी चढताना तोच कागद पुढे करावा लागतो. त्यावरील नाव एका कान्यामात्रेने बदलले, तर त्या कुटुंबास कचेरीचे हेलपाटे पडतात आणि मजुरीचे दिवस बुडतात. यास्तव अक्षर बरोबर छापले जाणे ही शिक्षकाच्या कर्तव्यातीलच गोष्ट मानावी.

हे दाखले पूर्वी टाक-दौतीने लिहिले जात, नंतर टंकलेखन यंत्र आले, आणि प्रश्नपत्रिका स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइलवर काढल्या जाऊ लागल्या. आता बहुतेक कागद संगणकावर तयार होतात. शाळेत लिहिलेली फाइल केंद्रशाळेतील किंवा तालुक्याच्या गावच्या कचेरीतील प्रिंटरवर छापण्यास नेली जाते. नेमक्या याच प्रवासात अक्षरांची वाट चुकते. आपल्या पडद्यावर स्वच्छ दिसणारी प्रश्नपत्रिका तेथे गेल्यावर इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारखी दिसते, कोठे रिकामे चौकोन उमटतात, कोठे वेलांटी आपले व्यंजन सोडून पुढच्या घरी जाऊन बसते. मग प्रिंटरला दोष दिला जातो. वास्तविक त्या बिचाऱ्या यंत्राचा अपराध फार थोड्या वेळा असतो. फॉन्ट म्हणजे काय आणि तो कोठे वास करतो, हे समजून घेतले असता हे रोग आपणांस ओळखता येतील व बहुतेकांवर उपायही करता येईल.

छापखान्याच्या जुन्या रीतीपासून आरंभ करू. मुंबईत जावजी दादाजी यांनी १८६४ साली खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना स्थापिला. लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याचे काम करणारा हा मुलगा पुढे देवनागरी खिळ्यांच्या सौंदर्याविषयी सर्व हिंदुस्थानात नावाजला गेला. त्यांच्या खिळ्यांचे साचे कोरण्याचे कसब राणूजी रावजी आरू यांचे होते. त्या काळी अक्षर म्हणजे शिशाच्या मिश्रधातूचा एक तुकडा असे. जुळारी समोरच्या पेटीतील घरांतून एकेक खिळा उचलून ओळ जुळवी. रोमन लिपीस शंभर-सव्वाशे घरे पुरत, परंतु देवनागरीस जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, रफार व मात्रा मिळून कित्येक शे घरे लागत. पेटीत एखादा खिळा नसेल तर जुळाऱ्याचा नाइलाज होई. तो शेजारचा मिळताजुळता खिळा बसवी, अथवा अक्षराचा पाय मोडून वेळ मारून नेई.

फॉन्ट म्हणजे ही खिळ्यांची पेटीच होय. मात्र आता तीत शिशाचे तुकडे नसून प्रत्येक अक्षराच्या बाह्यरेषेचे गणिती वर्णन असते. पेटीत जे घर नाही ते अक्षर उमटत नाही, हा नियम आजही तसाच लागू आहे.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा, कारण सर्व घोटाळ्याचे मूळ त्यातच आहे. संगणकाच्या स्मरणात अक्षराचा आकार नसतो, केवळ क्रमांक असतो. आज सर्वत्र मान्य असलेल्या युनिकोड पद्धतीत र, ऱ, ल, ळ यांना ०९३०, ०९३१, ०९३२, ०९३३ असे लागोपाठचे क्रमांक दिलेले आहेत. (हे क्रमांक सोळाच्या पायावरील गणनेचे आहेत, परंतु आपल्या कामापुरता त्याचा विचार नको.) क्रमांक म्हणजे बालकाचे हजेरीपटावरील नाव समजावे आणि फॉन्टातील आकृती म्हणजे त्याच्या अंगावरचा पोशाख. पोशाख बदलला तरी बालक तेच राहते.

युनिकोडचा पहिला खंड १९९१ साली प्रसिद्ध झाला. परंतु त्यानंतरही पुष्कळ वर्षे आपल्याकडे जे मराठी फॉन्ट प्रचारात होते, त्यांत ही शिस्त नव्हती. त्यांनी इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवरच देवनागरी आकृत्या बसविल्या होत्या. कृतीदेव या फॉन्टात ‘राम’ हा शब्द लिहिला म्हणजे संगणकाच्या दृष्टीने आपण जे, के आणि ई ही तीन इंग्रजी अक्षरे लिहिलेली असतात. तो फॉन्ट आपल्या संगणकावर आहे तोवर पडद्यावर ‘राम’ दिसतो. दुसऱ्या संगणकावर फाइल नेली आणि तेथे तो फॉन्ट नसला, की पोशाख उतरतो आणि जे, के, ई उघडे पडतात. इंग्रजी खिचडीचा रोग तो हाच. असल्या फाइली अद्याप कित्येक शाळांच्या संगणकांत पडून आहेत. वर्षानुवर्षे तीच प्रश्नपत्रिका थोडा फेरफार करून वापरण्याची आपली काटकसरी सवय या रोगास पोसते, असे म्हटल्यास राग मानू नये. अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. एकदा रूपांतर करून, मूळ कागदाशी ओळ न् ओळ ताडून, जुनी फाइल बाजूस ठेवावी.

आता प्रिंटरकडे वळू. प्रिंटर कागदावर अखेर ठिपकेच उमटवतो. एका इंचात ६०० ठिपके धरले तर एका ए-चार आकाराच्या कागदावर सुमारे साडेतीन कोटी ठिपक्यांच्या जागा होतात. कोठे काळा ठिपका द्यावयाचा व कोठे कागद पांढरा ठेवावयाचा, हा हिशेब कोणी तरी केलाच पाहिजे. १९८४ साली ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने लेसरजेट हा प्रिंटर बाजारात आणला तेव्हा त्याची स्मरणशक्ती अवघी १२८ केबी होती. साऱ्या पानाचे ठिपके तीत मावणे शक्य नव्हते. म्हणून अक्षरांच्या आकृत्या प्रिंटरच्या पोटात अथवा वरून बसविण्याच्या डबीत ठेवीत, आणि संगणक केवळ ‘अमुक जागी अमुक अक्षर’ एवढाच निरोप पाठवी. पुढल्याच वर्षी, १९८५ साली, अॅपलचा लेसररायटर आला. त्याच्या पोटात तेरा फॉन्ट होते. ते सारे रोमन वळणाचे, आणि एक ग्रीक अक्षरांचा व गणितचिन्हांचा. देवनागरीचे त्या घरात नावही नव्हते.

प्रिंटरच्या घरची लिपी रोमन, देवनागरी तेथे पाहुणी. पाहुण्याने आपला शिधा बरोबर न्यावा तसा मराठी मजकुरास आपला फॉन्ट बरोबर न्यावा लागतो. संगणकावरून प्रिंटरच्या स्मरणात फॉन्ट उतरविणे, यालाच त्या क्षेत्रात फॉन्ट डाउनलोड करणे म्हणतात. इंटरनेटवरून आपल्या संगणकावर फॉन्ट आणणे यालाही डाउनलोड असाच शब्द आहे, म्हणून बोलताना घोटाळा होतो. पहिली क्रिया म्हणजे दुकानातून माल घरी आणणे, दुसरी म्हणजे घरातून तो शेतावर पोहोचविणे. मुंबईहून पनवेलच्या कचेरीत फॉन्ट आणून संगणकावर बसविला म्हणजे प्रिंटरला तो कळला, असे मुळीच नाही.

ही दुसरी क्रिया बहुधा आपल्या नकळत घडते. छापण्याची आज्ञा देताच संगणकातील ड्रायव्हर नावाचा मध्यस्थ त्या कागदापुरत्या लागणाऱ्या तेवढ्याच आकृत्या प्रिंटरकडे पाठवतो, आणि काम संपताच प्रिंटर त्या विसरतो. शाळांतून असलेल्या स्वस्त प्रिंटरांपैकी पुष्कळांत तर हेही होत नाही. त्यांना फॉन्ट ठाऊकच नसतो. सारे पान संगणकच ठिपक्यांत रंगवून देतो व प्रिंटर ते कागदावर ओततो. अशा प्रिंटरवर अक्षर बिघडले तर दोष निश्चितपणे संगणकात अथवा फाइलीत शोधावा.

कचेरीतील मोठ्या, अनेकांनी मिळून वापरावयाच्या प्रिंटरची गोष्ट थोडी निराळी असते. त्यात स्वतःचे रोमन फॉन्ट असतात. काम लवकर उरकावे म्हणून ड्रायव्हरमध्ये ‘संगणकाच्या फॉन्टाऐवजी प्रिंटरचा फॉन्ट वापरावा’ असा पर्याय ठेवलेला असतो. इंग्रजी पत्रास त्याने फारशी बाधा येत नाही. परंतु रोमन क्रमांकांवर बसविलेल्या जुन्या मराठी फॉन्टांच्या बाबतीत हा पर्याय घात करतो : पडद्यावर मराठी दिसते आणि कागदावर इंग्रजी खिचडी उतरते. पडदा व कागद यांत असा विरोध दिसला की प्रिंटरच्या प्रगत पर्यायांत जाऊन ही अदलाबदल बंद करावी आणि ‘सॉफ्ट फॉन्ट म्हणून डाउनलोड’ हा पर्याय निवडावा. तेवढ्यानेही न भागल्यास पान चित्ररूपाने छापण्याचा पर्याय असतो. त्यास वेळ अधिक लागतो, परंतु पडद्यावरचे जसेच्या तसे उतरते. परीक्षेच्या सकाळी हा शेवटचा उपाय ठाऊक असणे बरे.

मोठ्या प्रिंटरच्या स्मरणात फॉन्ट कायमचाही उतरवून ठेवता येतो. एकाच नमुन्याचे शेकडो दाखले अनेक संगणकांवरून छापावयाचे असतील तर त्याने वेळ वाचतो. मात्र ‘कायमचा’ या शब्दाने फसू नये. कामापुरता उतरविलेला फॉन्ट काम संपताच जातो आणि ‘कायमचा’ म्हणून उतरविलेला प्रिंटर बंद होईतो टिकतो. प्रिंटरमध्ये चकती किंवा न पुसणारे स्मरण असेल आणि फॉन्ट तेथे ठेवला असेल, तरच तो वीज गेल्यावरही राहतो. आपल्या कोकणात पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे सांगावयास नकोच. तेव्हा काल छापले गेलेले अक्षर आज का उमटत नाही, या कोड्याचे उत्तर कित्येकदा कालच्या वादळात सापडते. प्रिंटरच्या पोटात सध्या काय आहे हे पाहावयाचे असल्यास त्याच्या फळीवरील अहवालांच्या यादीतून फॉन्टांची सूची छापून घ्यावी. ती यंत्राजवळच भिंतीस लावून ठेवावी. फॉन्ट उतरविण्याचे व जुने काढून टाकण्याचे काम कचेरीतील एकाच माणसाकडे असावे. ज्याने त्याने आपापला फॉन्ट भरला की स्मरण भरून जाते आणि अर्ध्या पानावरच छपाई थांबते.

आता मराठीच्या स्वतःच्या अडचणीकडे येतो, कारण ही बाब बाहेरचा कोणी कारागीर आपणांस सांगणार नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द घ्या. पनवेलच्या खाडीवरील कोळी ज्यावर जातात तो दर्या, आणि प्रबळगडाच्या आजूबाजूस आहेत त्या दऱ्या. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना, आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. पोषण आहाराच्या पत्रात ही चूक झाली तर हसू येईल एवढेच. परंतु ‘कुऱ्हाडे’ या आडनावाचे ‘कुर्हाडे’ झाले तर त्या मुलास हसू येणार नाही. हा डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र हे मराठीचे वैशिष्ट्य आहे. हिंदीस त्याची गरज नसल्यामुळे हिंदीसाठी केलेल्या काही फॉन्टांत त्यास घरच नसते. तेथे ऱ चा पाय मोडलेला दिसतो. रफार उमटत असेल तर मात्र चूक फॉन्टाची नसून लिहिणाऱ्याची होय : त्याने ऱ ऐवजी र घेतला. शासनमान्य इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे दाबले असता ऱ येतो. नंतर डी दाबून हलंत व त्यापुढे य अथवा ह घ्यावा. शिफ्ट धरून एन दाबले म्हणजे ळ. कळंबोली, तळोजे, पळस्पे, कर्नाळा ही नावे रोज लिहिणाऱ्या आपल्या तालुक्यातील शिक्षकास ही कळ शोधत बसणे परवडणारे नाही.

तसाच ‘ॲ’. यास युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. त्यापूर्वी तयार झालेल्या फॉन्टांत ‘ॲल्युमिनियम’ लिहिले असता आरंभीच चौकोन येतो. चौकोन म्हणजे पेटीतील रिकामे घर. क्रमांक शाबूत आहे, पोशाख तेवढा नाही. फॉन्ट बदलताच अक्षर प्रकट होते, मजकूर पुन्हा लिहावा लागत नाही.

आकृतींच्या वळणाचाही प्रश्न आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला व वर्णलेखन निश्चित केले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याविषयी सुधारित निर्णय काढला. देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल ही मराठीची रूपे मानलेली आहेत. आपण फळ्यावर पाकळीचा ल गिरवून घेतो आणि पहिलीच्या मुलाच्या हाती दंडाचा ल असलेला छापील कागद देतो. मोठ्यांस हे दोन्ही एकच वाटतात, परंतु अक्षरओळखीच्या वयात ते निराळे चित्र असते. काही फॉन्टांत दोन्ही रूपे साठविलेली असून मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडली असता मराठी रूप उमटते. ती ‘हिंदी’ राहिली असल्यास दंडाचा ल येतो. पहिली-दुसरीच्या वाचनपाठांसाठी तरी हे पाहून घ्यावे.

फॉन्ट कोणता घ्यावा, असे विचारले जाते. सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या देखरेखीखाली आकारास आलेला ‘मंगल’ विंडोज २००० बरोबर घरोघर पोहोचला आणि संगणकावरील मराठीस त्याने मोठाच आधार दिला. जोशी यांचे २००८ साली निधन झाले. मंगल पूर्वी विंडोजच्या संगणकांबरोबर आपोआप येत असल्याने गैरसोय होत नसे, तथापि तो मुख्यतः पडद्यावर वाचण्यासाठी बेतलेला आहे. कागदावरील दीर्घ मजकुरास मला तो थोडा विरळ वाटतो. मुंबईच्या एक टाइप या मंडळीने केलेला ‘मुक्त’, तसेच ‘लोहित’ व ‘नोटो’ हे विनामूल्य व मुक्त परवान्याचे आहेत. ते शाळेने कितीही संगणकांवर बसवावेत, कोणाची चोरी होत नाही. विकत घेण्याच्या फॉन्टांच्या पेनड्राइव्हवरून प्रती काढीत हिंडणे शिक्षकास शोभत नाही, आणि असे अर्धवट उतरलेले फॉन्टच पुढे त्रास देतात.

सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे छपाईस मूळ फाइल न नेता पीडीएफ नेणे. पीडीएफमध्ये लागणाऱ्या आकृत्या फाइलीच्या पोटातच शिवून टाकता येतात. दीर्घकाळ जपावयाच्या दप्तरासाठी २००५ साली ठरलेल्या पीडीएफ-ए या आंतरराष्ट्रीय प्रमाणात तर सर्व फॉन्ट आत असलेच पाहिजेत असा दंडक आहे. पीडीएफ उघडून गुणधर्मांच्या खिडकीत फॉन्टांची यादी पाहावी. प्रत्येकापुढे ‘एम्बेडेड’ किंवा ‘एम्बेडेड सबसेट’ असे लिहिलेले असले म्हणजे शिधा बरोबर बांधला आहे असे समजावे. नसल्यास फाइल पुन्हा तयार करावी. अशी फाइल शिरढोणहून पनवेलला न्या, अथवा अलिबागला जिल्हा परिषदेच्या कचेरीत पाठवा, अक्षर हलत नाही.

नवा फॉन्ट, नवा प्रिंटर किंवा नवा ड्रायव्हर आला की छपाईपूर्वी एक कसोटीचे वाक्य छापून पाहावे. पूर्वी छापखान्यात कच्चे मुद्रित काढीत, तीच ही रीत. वाक्य असे घेता येईल : ‘कर्नाळ्याच्या दऱ्यांत वाढलेल्या शेतकऱ्यांच्या ज्ञानी मुलांनी कळंबोलीच्या विद्यालयात ॲटलास व ऑर्गन पाहून शुद्ध, स्पष्ट अक्षरांत श्रीकृष्ण कुऱ्हाडे यांना पत्र लिहिले.’ अर्थाच्या दृष्टीने वाक्य थोर नाही, परंतु ऱ्य, ऱ्ह, ळ, ज्ञ, क्ष, श्र, कृ, द्ध, द्य, ष्ट, ॲ, ऑ हे सारे त्यात येऊन जातात. त्याखाली ० ते ९ अंक छापावे. ही ओळ स्वच्छ उमटली की दाखल्याच्या छपाईस हरकत नाही.

पाचवी ते सातवीच्या मुलांस हा विषय आवडतो. एकच शब्द, समजा ‘शाळा’, चार फॉन्टांत मोठ्या आकारात छापून भिंतीस लावावा आणि कोठे देठ आहे, कोठे गाठ आहे, शिरोरेषा कोठे जाड आहे, हे मुलांस शोधू द्यावे. बटाट्यावर अक्षर कोरून ठसा उमटविण्याचा जुना खेळही त्यास जोडावा. अक्षर उलटे कोरावे लागते हे कळले की जुन्या ओतशाळेतील कारागिराचे कसब त्यांस आपोआप उमगते.

दाखल्याची दुसरी प्रत देताना मात्र संगणकातील नोंदीवर विसंबू नये. मूळ जनरल रजिस्टर काढावे. १९८१ पूर्वीच्या पानांवर ‘जि. कुलाबा’ असे असेल. ते त्या काळापुरते बरोबरच आहे, त्यावर खाडाखोड करू नये. नाव रजिस्टरातून अक्षर न् अक्षर वाचून दुसऱ्या शिक्षकाने छापील प्रतीशी ताडावे, पालकास ते मोठ्याने वाचून दाखवावे, आणि मगच मुख्याध्यापकांनी सही करावी.